शरणम्मा आजऱ्याला गेल्या

मला बघायला लोहाऱ्याची मंडळी जळकोटला आली तेव्हा सोयरीक जवळजवळ ठरल्यातच जमा होती. पुरुष माणसं ओसरीवर पान लावत मुहूर्ताचं बोलत होती. मी सुशील्याच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, ताटल्या मांडून आत वळणार, इतक्यात पाहुण्यांतली एक उंच, उन्हानं रापलेली बाई उठली आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढं येऊन बसली.

"पोरी, तुला यायचं हाय का आमच्यात?"

माझ्या वडिलांना उगाच खोकला आला. मी खाली बघत मान हलवली.

"मान नगं हालवू. नंदीबैलबी मान हालवतो. तोंडानं सांग."

"व्हय," मी म्हटलं.

"आता बगा मुहूर्त," असं ओसरीला सांगून ती बाई निवांत सुशीला खायला बसली. माझ्या वडिलांना ती आगाऊ वाटली. खरं सांगायचं तर मला नवऱ्याच्या आधी तीच आवडली.

त्या शरणम्मा. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ बंडप्पा, त्यांची बायको. म्हणजे माझी चुलतसासू. आमच्या घरात पुढं जेवढ्या सुना आल्या त्या सगळ्यांना त्यांनी हाच प्रश्न विचारला, आणि घरातून जेवढ्या लेकी गेल्या त्यांना तर दोनदोनदा विचारला. एका लेकीनं "न्हाय" म्हटलं तर ठरलेली सोयरीक मोडली. पुरुषांनी आदळआपट केली, शरणम्मा ज्वारी पाखडत राहिल्या. बाकी त्यांच्यात संतपणा वगैरे काही नव्हता. बोलणं तिखट, आवाज मोठा, आणि हाताला चैन अशी नाहीच. दुसऱ्याच्या रानात पीक दाट दिसलं तरी त्यांची बोटं शिवशिवायची, बांधावरून उतरून दोन ताटं उपटूनच पुढं जायच्या. त्या बोटांनी एकदा काय घोळ घातला आणि त्यातून तो प्रश्न कसा निघाला, ते मी तिघांकडून ऐकलं: स्वतः शरणम्मांकडून, माझे सासरे कल्याणप्पा यांच्याकडून आणि ज्यांच्या घरी हे घडलं त्या निलम्मा वन्संकडून. तिघांचं सांगणं फारसं वेगळं नाही. फक्त सासरे स्वतःला जरा जास्त शहाणं दाखवायचे.

निलम्मा ही शरणम्मांची एकुलती एक लेक. अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या भागात रझाकारांची दहशत इतकी वाढली की हद्दीजवळच्या गावांतली माणसं गाड्या जुंपून, निजामाची मोगलाई मागं टाकून सोलापूरला जाऊ लागली. बंडप्पाही बायको आणि सोळा वर्षांची पोर घेऊन निघाले आणि ओळखीच्या एका अडत्याच्या वखारीत मागच्या बाजूला राहिले. वयात आलेली पोर, परकं गाव, चोहीकडून रोज नवी बातमी. बंडप्पांची झोप उडाली होती. अशात आजऱ्याकडचा एक लिंगायत व्यापारी तांदूळ घेऊन अडतीत आला. त्याचा पुतण्या लग्नाचा होता. आपल्यातलाच, पोटापाण्यापुरती जमीन, आणि मुख्य म्हणजे मोगलाईपासून लांब, डोंगरात. आठवडा उलटायच्या आत लग्न लागलं.

निलम्माला कुणी विचारलं नाही. शरणम्मांनाही नाही. पोर निघताना रडलीसुद्धा नाही, आणि तेच आईच्या मनाला लागून राहिलं. रडली असती तर बरं वाटलं असतं, असं त्या म्हणायच्या.

मग भाद्रपदात फौजा आल्या आणि बघता बघता निजामाचं राज्य गुंडाळलं गेलं. माणसं गावोगाव परतली. शरणम्माही लोहाऱ्याला आल्या, घर सारवलं, रान पेरलं. भीती गेली, पण भीतीपायी दिलेली पोर गेली ती गेलीच. पुढच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या अडतीवरचा एक माणूस लग्नकार्याच्या निमित्तानं आला. तो तांदळाच्या कामानं आजऱ्याकडं जाऊन आला होता, सहज बोलून गेला: "तुमची लेक पार वाळली बगा. सारखा पाऊस, घरात अंधार, खायला नुसता भात."

शरणम्मांनी त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीला आणायला जाते म्या."

"माहेरपणाला?"

"कायमची. आपल्यात पाट लागतो. दुसरं घर बगू. आता काय रझाकार बसलेत व्हय दारात?"

बंडप्पा म्हणाले, "दिली ती दिली. आता काय परत मागायची?"

"मागायची न्हाय. घिऊन यायची."

मृगाची पेरणी उरकली तशा त्या निघाल्या. सोबतीला धाकटा दीर, म्हणजे आमचे सासरे. काखेत कडक भाकऱ्यांचं गाठोडं आणि शेंगाची चटणी. गाडी, मोटार, रेल्वे, परत मोटार असं करत ती दोघं निपाणीवरून आजऱ्याच्या वाटेला लागली आणि शरणम्मांचे डोळे फिरले. आमचं लोहारा म्हणजे काळी, सपाट जमीन. बांधावर उभं राहिलं की अख्खं रान एका नजरेत येतं. इथं डोंगरच डोंगर, आणि डोंगराला वरपासून खालपर्यंत पायऱ्या पाडलेल्या. एकेक पायरी म्हणजे एकेक खाचर, त्यात पाणी साचलेलं, आणि मधोमध कौलारू घरांचं ते गाव, धुरानं आणि धुक्यानं अर्धं झाकलेलं.

"कल्याण, हितं बैल वर कसा चढत आसंल?" त्यांनी विचारलं.

"बैलाचं ऱ्हाऊ द्या वैनी, आपण कसं चढायचं ते बगा," सासरे म्हणाले.

पाऊस पडत नव्हता, तो तिथं राहायलाच आला होता. निलम्माच्या सासूबाई बाळव्वा दारात उभ्या होत्या, ठेंगण्या, कमरेत वाकलेल्या. "बर्री, कूड्री," म्हणजे या, बसा, म्हणत त्यांनी पाय धुवायला ऊन पाणी दिलं. परक्या मुलखात ओळखीचे कानडी शब्द कानावर पडले तशा शरणम्मा मनात नसताना थोड्या सैलावल्या. जावई मल्लाप्पा पाया पडला आणि लाजून आत गेला. मग निलम्मा आली. खरोखरच वाळली होती. आणि पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या, कातडं पांढरं पडून फाटलेलं. त्या चिखल्या बघितल्या आणि शरणम्मांचा निश्चय पक्का झाला. जेवणात भातच होता. निलम्मानं आईच्या गाठोड्यातली एक कडक भाकरी मोडून तोंडात टाकली आणि डोळे मिटले. आता आणखी काय बघायचं, असं शरणम्मांना वाटलं. उद्या सगळे निवांत बसले की सांगून टाकायचं, त्यांनी ठरवलं.

पण तिथं निवांत कोण बसतंय? सकाळी शरणम्मांची लिंगपूजा होईतो घरातली माणसं चिखलणीला, म्हणजे भातासाठी चिखल करायला, वरच्या खाचरात गेली होती. "तुमी इसावा घ्या ईनबाई," एवढं विहिणीला सांगून बाळव्वाही गेल्या. आमचे सासरे चुलीपुढं घोंगडं पांघरून बसले. त्यांना थंडी वाजत होती असं ते सांगायचे. आळस आला होता असं शरणम्मा सांगायच्या.

विसावा शरणम्मांना माहीत नव्हता. त्या परसात गेल्या. तिथं एक चिमुकला वाफा होता आणि त्यात हिरवंगार पीक इतकं दाट उगवलेलं की मध्ये बोट शिरत नव्हतं. शरणम्मांनी कपाळावर हात मारला. असं पेरतात का? आमच्याकडं ज्वारी जरा दाट झाली तर पंधरावीस दिवसांत विरळणी करतात, म्हणजे मधली रोपं उपटून टाकतात, तेव्हा कुठं राहिलेल्यांची कणसं भरतात. हे काम निलम्माकडं असणार, पोरीला जमलं नसणार, आणि सासूच्या नजरेला पडलं की ती बोलून घेणार. तेवढं बोलणं तरी पोरीला बसू नये, म्हणून शरणम्मांनी पदर खोचला.

दुपारपर्यंत त्यांनी तो वाफा कसा देखणा केला! रोपा-रोपात वीतभर अंतर, सरळ ओळी. उपटलेली रोपं पाटीत भरभरून म्हशीला घातली. म्हैस इतक्या कौतुकानं खात होती की शरणम्मा तिच्याशी दोन शब्द बोलल्यासुद्धा.

भाताची रीत ज्याला माहीत आहे त्यानं एव्हाना ओळखलं असेल काय झालं ते. तो वाफा म्हणजे तरवा. सगळ्या शेताचं भात आधी त्या एवढ्याशा जागेत मुद्दाम दाट पेरतात, आणि हातभर झालं की एकेक रोप उपटून डोंगरभरच्या खाचरांत लावतात. तरव्यातलं प्रत्येक रोप म्हणजे खाचरातली एक जागा. शरणम्मांनी त्या घराचं अख्खं वर्ष म्हशीच्या पुढ्यात टाकलं होतं, आणि आता नव्यानं पेरायला दिवस उरले नव्हते.

बाळव्वा परसात आल्या आणि आल्या तशा बांधावर बसल्या.

"ईनबाई, ह्ये काय केलासा?"

"विरळणी केली," शरणम्मा अभिमानानं म्हणाल्या. "लई दाट झालतं."

निलम्मा मागं उभी होती. तिनं एकदा वाफ्याकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि पुढं होऊन सासूला म्हणाली, "अत्ती, म्याच सांगितलं हिला. तण काढ म्हनलं. चूक माझी हाय."

"गप गं," बाळव्वा म्हणाल्या. "तुला खोटं बोलाय येत न्हाई."

मग कुणीतरी शरणम्मांना सगळं समजावून सांगितलं. आयुष्यात त्यांना कुणी रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्या वाफ्याकडेला बसून तोंडात पदर कोंबून रडल्या. पोरीला बोलणं बसू नये म्हणून गेल्या आणि पोरीचं ताटच काढून घेतलं. मल्लाप्पा जवळ येऊन उकिडवा बसला. म्हणाला, "मामी, म्हशीचं पोट तरी भरलं." बाळव्वा मुलावर डाफरल्या, पण हसू दाबताना त्यांच्याही ओठाला मुरड पडली होती, असं वन्सं सांगतात.

अशा वेळेसाठी त्या गावात एक रीत होती. तरवा गुरांनी खाल्ला, पाण्यानं वाहून गेला, तर दारोदार जाऊन मागायचा. विकत घ्यायचा नाही, मागायचा. मागितला की कुणी नाही म्हणत नाही. पण ज्यानं दिला त्याच्या खाचरात आधी लावणीला उभं राहायचं. आणि ज्याच्या हातून गेला त्यानंच पदर पसरायचा.

"वैनी, उद्याच्या मोटारीनं निघू आपण," सासरे हळूच म्हणाले. "पोरीला घिऊन. ह्यांचं ह्ये बगतील."

"आरं, पोरीचं घर उपाशी ठिवून कुठं जातोस?" शरणम्मा म्हणाल्या. ज्या घरातून पोर उचलून न्यायला आल्या होत्या त्याला पोरीचं घर म्हणून बसल्या, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. सासऱ्यांच्या आलं होतं. पण ते बोलले नाहीत, आणि त्यांच्या शहाणपणाची एवढी एक गोष्ट मी मान्य करते.

दुसऱ्या दिवशी मायलेकी निघाल्या. पहिल्याच दारात शरणम्मांचं तोंड उघडेना. लोहाऱ्यात लोक त्यांच्या दारात मागायला यायचे. त्यांनी कुणाकडं मीठसुद्धा मागितलं नव्हतं. त्यांनी निलम्माकडं बघितलं.

"अव्वा, तुलाच मागावं लागंल," निलम्मा म्हणाली.

शरणम्मांनी पदर पुढं केला. "बाई, तरवा देता का थोडा?"

आतून बाई हसतच बाहेर आली. "म्हशीला तरवा घातला त्या तुमीच व्हय? मोगलाईतल्या?" गावभर बोभाटा झाला होता. शरणम्मांचे कान तापले. पण बाईनं लगेच विचारलं, "किती पेंढ्या लागतील?"

असं त्या दार दार फिरल्या. प्रत्येक दारात आधी हसू, मग पेंढ्या. कुणी नाही म्हटलं नाही. आणि मग लावणी सुरू झाली. डोक्यावर पानांचं इरलं, गुडघाभर चिखल, कमरेत वाकून मागं मागं सरकत लावायचं. शरणम्मा पहिल्या दिवशी दोनदा चिखलात बसल्या. वर ज्वारीची खोड जात नव्हती; रोपं इतकी लांब लांब लावली की बाया ओरडल्या, "ओ मावशी, मधनं गाडी न्यायची हाय का?"

त्या बायांकडून शरणम्मांना लेकीचं एक वर्ष कळलं. पहिल्या पावसाळ्यात ती बांधावर बसून रडायची. कुणाशी बोलायची नाही. मग एकदा एका बाईला खाचरातच कळा सुरू झाल्या, तर हिनंच तिला पाठीवर घेऊन उतार उतरला. तेव्हापासून ती सगळ्यांची निलाक्का झाली. हे घरात शरणम्मांना कुणी सांगितलं नव्हतं. पोरीनंही नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी कानांनी ऐकली. त्या डोंगरात वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं. वरच्यानं न सांगता बांधाचं तोंड फोडलं तर खालच्याची लावलेली रोपं वाहून जातात. म्हणून सोडण्याआधी हाक द्यायची. एका सकाळी धुक्यात, वरून कुठून तरी खणखणीत आवाज आला, "सोडू का गं?" आणि खालच्या पायऱ्यांवरून पाचसहा बायांनी ओरडून सांगितलं, "सोड, निलाक्का!" शरणम्मा वाकलेल्या सरळ झाल्या. माहेरी ही पोर मोठ्यानं बोलायचीसुद्धा नाही. तो आवाज आपल्या लेकीचा आहे हे त्यांना दुसऱ्यांदा ऐकल्यावर पटलं.

शेजारची म्हातारी लावता लावता म्हणाली, "मावशी, लेक म्हंजी बी तरवाच. हितनं उपटायची, तितं लावायची. जीव धरती आपसूक."

हे बोलणं मी पुढं खूप ठिकाणी ऐकलं. लग्नात म्हणतात, कीर्तनात म्हणतात, ऐकणारे माना डोलावतात. मला त्याचा राग येतो. शरणम्मांनाही आला.

"रोपाला कुणी इच्यारतं का?" त्या एकदम कडाडल्या. "माझी पोर काय रोप हाय व्हय, धरली आन् उपटली?"

म्हातारी बिचारी मागं सरकून लावत राहिली. शरणम्मांच्या हातातली पेंढी हातातच राहिली. त्या मला सांगायच्या, "बोलून गेले आन् माझं मलाच लागलं. नवऱ्यानं पोरीला न इच्यारता दिली म्हणून वरीसभर म्या जळत हुते. आन् म्या कशाला आलते? न इच्यारताच उपटून न्यायला."

लोकांची लावणी झाली, मग मल्लाप्पाच्या खाचरांची. ज्या ज्या घरी शरणम्मा उभ्या राहिल्या होत्या त्या घरच्या बाया न बोलावता आल्या. एका दिवसात सगळं लागलं, फक्त सगळ्यात वरचं एक खाचर रोपं कमी पडली म्हणून रिकामं राहिलं. बाया खाली उतरल्या. मायलेकी त्या रिकाम्या खाचराच्या बांधावर चिखलानं माखून बसल्या.

"निला," शरणम्मा म्हणाल्या, "तवा तुला कुणी इच्यारलं न्हाय. म्याबी न्हाय. आता इच्यारते. येतीस का माझ्यासंगं?"

निलम्माचं तोंड वाकडं झालं आणि ती लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडली. लग्नात अडलेलं सगळं रडणं तेव्हा बाहेर आलं. शरणम्मांनी चिखलाच्या हातांनीच तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"पयल्या पावसाळ्यात रोज वाटायचं पळून यावं," ती म्हणाली. "वाट ठाव नव्हती, अव्वा."

"आन् आता?"

"आता वाट ठाव हाय." तिनं नाक पुसलं. "न्हाय येत म्या. मला हितंच ऱ्हायाचं हाय."

"पायाला चिखल्या घिऊन?"

"चिखल्या दसऱ्याला बऱ्या होत्यात," निलम्मा म्हणाली आणि रडता रडता हसली.

दोन दिवसांनी दीर-भावजय परतीच्या मोटारीत बसली. बाळव्वांनी तांदळाचं गाठोडं दिलं. निलम्मा ह्या खेपेला रडली, आणि शरणम्मांचा जीव थाऱ्यावर आला.

लोहाऱ्यात बंडप्पा ओसरीवर वाट बघत होते. बायकोला एकटीला उतरताना पाहिलं आणि म्हणाले, "म्या सांगितलं नव्हतं? दिली ती दिली."

"तुमी दिली म्हणून न्हाय ऱ्हायली," शरणम्मा म्हणाल्या. "तिला इच्यारलं. ती ऱ्हाते म्हनली, म्हणून ऱ्हायली."

बंडप्पांनी तोंडाशी नेलेलं पान खाली ठेवलं. मग बायकोकडं न बघताच त्यांनी विचारलं, "माझ्यावर लई राग धरून हाय का गं ती?"

"त्ये तुमीच जाऊन इच्यारा."

पुढच्या लावणीला बंडप्पा गेले.